चार चादरींचा फोटो

सोमवार, ४ तारीख

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा राग तोंडावाटे बाहेर पडतो आणि रक्तदाब वर चढतो. आजपासून आरडाओरडा बंद. राग आला की लिहून काढा. मी म्हटलं, मी आरडाओरडा करत नाही, मी बोलते. तर म्हणाल्या, "तुमचं हे बोलणं बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी ऐकलंय."

म्हणून ही वही. चौथीतून शाळा सुटली त्यानंतर मी सामानाची यादी आणि सही सोडून काही लिहिलेलं नाही. चुकलं तर चुकलं. वाचणार कोण आहे?

घरात माणसं दोन. मी आणि माझे धाकटे दीर. आमचे हे गेले, पोरगा लग्न करून दुसऱ्या गावी गेला, आणि भाऊजींनी लग्न केलंच नाही. का नाही केलं विचारलं तर म्हणतात, राहून गेलं. छत्री राहून जाते गाडीत. लग्न कसं राहून जातं?

पुढच्या खोलीत मधोमध लाकडी फळ्यांची भिंत आहे, छतापर्यंत न पोचलेली. अलीकडे माझं इस्त्रीचं टेबल. दवाखान्याच्या चादरी आणि डॉक्टरांचे पांढरे कोट येतात, पाणी शिंपडून कडक करून द्यायचे. पलीकडे भाऊजींची अंधारी खोली. चादरींची वाफ फळ्यांवरून पलीकडे जाते आणि यांचा चष्मा धुरकटतो, अशी यांची रोजची तक्रार. मग मी दोन शब्द सुनावते. असं आमचं बरं चाललं होतं.

भाऊजी जुन्या पद्धतीचे फोटो छापतात. साधे नाहीत, प्लॅटिनमचे. कागदाला पिवळं पाणी ब्रशने फासायचं, दोरीवर वाळवायचं, त्यावर जुनी काचेची निगेटिव्ह ठेवून फ्रेममध्ये आवळायची, आणि जांभळ्या नळ्यांच्या पेटीत ठेवून वाट बघायची. मग ट्रेमधल्या पाण्यात टाकला की फोटो उमटतो. त्या पिवळ्या पाण्यात खरं प्लॅटिनम असतं आणि त्याचं एक चुलत भावंड, पॅलेडियम. लोक अंगावर घालतात ते हा माणूस कागदाला फासतो.

मंगळवार, ५ तारीख

आज मोठी गोष्ट झाली. नगर वाचनालयाच्या सेक्रेटरीबाई आल्या होत्या. वाचनालयाच्या माळ्यावर काचेच्या निगेटिव्ह सापडल्यात, पेट्याच्या पेट्या. शंभर वर्षांपूर्वीची कामकरी माणसं. नावाडी, लोहार, पाववाला, सुईण. भाऊजींनी नमुन्याला सुईणबाईंचा एक छापून दिला होता, तो बघून बाई एक पाऊल मागे सरल्या. इतका काळा काळा अंधार आणि त्यातून ती डोळे वटारून बघतेय. आता तेवीस तारखेपर्यंत असे सहा द्यायचे. पसंत पडले तर सगळ्या पेट्या आमच्याकडे, म्हणजे दोन-तीन वर्षांचं काम.

आणि नाही पडले तर? ते भाऊजींनी जेवताना सांगितलं, मान खाली घालून. त्यांच्या मित्राचं दुसऱ्या गावात पासपोर्ट फोटोंचं दुकान आहे, तो बोलावतोय. मग हे घर सोडायचं. "वहिनी, तुम्ही मुलाकडे राहाल. तिथे आराम आहे."

आराम! सूनबाईच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. मिठाच्या डब्यावर 'मीठ'. जिभेवर ठेवून कळत नाही का? गेल्या वेळी मी साखर परत ठेवताना डबा उलटा ठेवला, तर तिने काही न बोलता सरळ केला. काही न बोलता! हे मला सहन होत नाही.

राग आला होता. लिहिला. उतरला नाही.

गुरुवार, ७ तारीख

काम सुरू झालं आणि घोळही सुरू झाला. मी इस्त्री लावली की जांभळ्या नळ्या लुकलुकतात. भाऊजी म्हणाले, "वहिनी, विजेचा दाब कमी-जास्त झाला की उजेड बदलतो. उजेड बदलला की वेळ बदलते. हे सहा फोटो होईपर्यंत इस्त्री बंद ठेवता का?"

दुसरा दिवस असता तर मी नळ्यांचा आणि यांचा दोघांचाही उद्धार केला असता. पण डॉक्टरीणबाई. मी ओठ मिटले, चादरींचं गाठोडं उचललं आणि समोरच्या लॉन्ड्रीवाल्याकडे टाकून आले. तो खूश. त्याची इस्त्री म्हणजे कपड्यावरून मांजर चालवल्यासारखी.

घर कसं शांत झालं. वाफ नाही, बोलणं नाही. हवाही अशी कोरडी पडलीय की ओठ फुटलेत आणि कंगव्याला केस चिकटतात.

शनिवार, ९ तारीख

सुईणबाई पांढऱ्या आल्या.

नमुन्याला आठ मिनिटं दिली होती, आजही आठच दिली. तीच काच, तोच कागद, तीच पेटी. ट्रेमध्ये टाकला तर बाई तापातून उठल्यासारखी. मागचा अंधार म्हणजे राखाडी फडकं. आणि सगळ्या तोंडावर रवाळ ठिपके, कुणी वाळू फेकून मारल्यासारखे.

भाऊजी म्हणाले, "वेळ कमी पडली." बारा मिनिटं दिली. चेहरा जरा भाजला, अंधार मात्र राखाडीच. वीस दिली. बाईंचं कपाळसुद्धा मळकट झालं आणि अंधार म्हणतो मी नाही त्यातला.

पेटीपुढे हात बांधून उभं राहणं मला जमत नाही. मधे एकदा मी फ्रेमची मागची खिटी काढून डोकावले, त्याला एक बाजू उघडून बघायची सोय आहेच. काही दिसत नाही, नुसती भुताची सावली. "वहिनी, आत्ता बघून कळत नाही. पाण्यात पडल्यावरच कळतं." मग पाण्यात पडल्यावर कळलं तर त्याचा उपयोग काय? पण बोलले नाही. वहीत बोलतेय.

सोमवार, ११ तारीख

भाऊजींना संशय: नळ्या म्हाताऱ्या झाल्या. नव्या आणल्या, तापू दिल्या, मग फोटो ठेवला. सुईणबाई तशाच.

मंगळवार, १२ तारीख

आज संशय फ्रेमच्या काचेवर. ही काच आपल्याला लागणारा उजेड गिळते म्हणे. मी म्हटलं, नमुना याच काचेतून आला ना? म्हणाले, हो. म्हटलं, तेव्हा काय काचेचा उपास होता? हे जरा मोठ्याने गेलं. लगेच तोंडावर हात ठेवला. काच बदलली. फरक शून्य.

दोरीवरचे कागद काढायचं काम माझं. इतके कडक वाळतात की हातात घेतले तर पत्र्यासारखे खडखडतात. मी म्हटलं, बघा किती छान वाळलेत. म्हणाले, "हो, वाळवण्यात तरी चूक नाही आपली."

शुक्रवार, १५ तारीख

आता संशय ट्रेमधल्या पाण्यावर. गरम पाण्यात फोटो जास्त गडद येतो असं भाऊजींनी कुठेतरी वाचलं, आणि ते औषधाचं पाणी तापवायला मला न विचारता माझं दुधाचं पातेलं घेतलं. नव्हे, ते वापरून झाल्यावर धुऊन परत जागेवर ठेवलं! यांना वाटलं मला कळणार नाही. मी पातेलं उचललं आणि बाहेर कोपऱ्यावरच्या कचऱ्यात नेऊन टाकलं. एक शब्द बोलले नाही. परत येताना शेजारीण म्हणाली, "बरं नाही का तुम्हाला? आठवडा झाला, तुमचा आवाज नाही."

पाणी गरम केल्याने फोटो तपकिरी झाला. ठिपके आहेत तिथेच.

संध्याकाळी सूनबाईचा फोन. "आई, तुमच्यासाठी कपाटात एक कप्पा रिकामा केलाय." मी विचारलं, चिठ्ठी लावलीस का? म्हणाली, "हो, 'आई' अशी लावलीय." चांगली पोर आहे, तेच तर वाईट आहे. भांडता येत नाही तिच्याशी.

रविवार, १७ तारीख

सेक्रेटरीबाई अचानक आल्या. भाऊजींनी त्यातल्या त्यात बरा फोटो पुढे केला. बाईंनी बराच वेळ पाहिला आणि हळूच विचारलं, "या आजारी होत्या का?"

भाऊजी म्हणाले, हवा जरा... नळ्या जरा... पाणी जरा...

बाई म्हणाल्या, "नमुन्यासारखे हवेत हो. शनिवारी कमिटी बसणार आहे." आणि गेल्या.

नंतर भाऊजींनी मित्राला फोन लावला. मी फळ्यांच्या अलीकडे होते, ऐकायचं नव्हतं तरी ऐकलं. "हो, महिनाअखेरीला येतो. नाही, एकटाच. वहिनी मुलाकडे जातील."

मी टेबलावरची थंड इस्त्री उगाच पुसली. हा माणूस माझ्या लग्नात शाळेच्या गणवेशात होता. त्याचे शर्ट मी तेव्हापासून कडक करतेय. आता पासपोर्टच्या दुकानात चुरगळलेल्या कॉलरने उभा राहील आणि लोकांना म्हणेल, हनुवटी वर करा.

सोमवार, १८ तारीख

आज जे झालं ते नीट लिहिते.

सकाळी दवाखान्यातला वॉर्डवाला चार गाठोडी घेऊन आला आणि दारातच आदळली. समोरच्या लॉन्ड्रीतल्या दिवट्याने मोठ्या डॉक्टरांच्या कोटावर, बरोबर पाठीवर, इस्त्रीचा ठसा उमटवला. होडीच्या आकाराचा. मोठे डॉक्टर तो घालून अख्खा वॉर्ड फिरले, आणि हसताहेत कोण, तर पेशंट. वॉर्डवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही करणार नसाल तर काम कायमचं दुसरीकडे जाईल. दुपारपर्यंत पाहिजे."

माझा बांध फुटला. खड्ड्यात गेल्या नळ्या आणि खड्ड्यात गेला रक्तदाब. इस्त्री लावली, पाण्याचा तांब्या घेतला आणि सुरुवात केली. एकेका चादरीवर पाणी मारतेय, इस्त्री टेकवली की चर्र, वाफेचा लोट छताला, आणि माझं तोंड सुरू. पातेल्यापासून धरलं. पातेलं, मग पासपोर्ट, मग यांचं राहून गेलेलं लग्न, मग ते ओले बूट जे हे दाराच्या मधोमध काढतात, मग वीस वर्षांपूर्वी विकत आणलेली सायकल जी कधी चालवली नाही. पलीकडून पहिल्यांदा "वहिनी, नळ्या लुकलुकतायत" असं आलं. मी म्हटलं, लुकलुकू देत, त्यांनाही ऐकू देत!

गाठोडी संपली, वॉर्डवाला घेऊन गेला, मी घामाने निथळत खुर्चीत बसले. तर पलीकडून भाऊजी चष्मा पुसत आले. म्हणाले, "वहिनी, जरा येता?"

ट्रेमध्ये सुईणबाई होत्या. काळ्याभोर अंधारात, डोळे वटारून, गालावरची सुरकुती न् सुरकुती. एक ठिपका नाही. आठच मिनिटं दिली होती म्हणे, वैतागून.

आम्ही दोघं उभेच राहिलो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "भाऊजी, सात तारखेपासून मी गप्प आहे आणि सात तारखेपासून फोटो बिघडलेत. आज बोलले आणि आज आला. त्या बाईकडे बघा. सुईण आहे ती. आयुष्यभर बायकांच्या किंकाळ्या ऐकल्यात तिने. शांत घरात तिला करमेल का?"

भाऊजी म्हणाले, "तसं नसावं." पण माझ्याकडे, मग फळ्यांच्या वरच्या फटीकडे, मग दोरीवरच्या कागदाकडे बघत राहिले. एक कागद काढून कानाशी हलवला. आवाज आला नाही. शिळ्या बिस्किटासारखा मऊ पडला होता. मी म्हटलं, माफ करा, माझ्या वाफेने सर्द झाला. ते म्हणाले, "हं."

मंगळवार, १९ तारीख

भाऊजींचं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काही कळत नाही. म्हणून आज इस्त्री करायची, पण बोलायचं नाही. उद्या बोलायचं, पण इस्त्री करायची नाही. शिकलेल्या माणसांचं हे असं. बाई बोलतेय तर बोलू द्यावं ना!

तरी केलं. ओठात केसांची पिन धरली, म्हणजे तोंड उघडलं की पडेल. दवाखान्याचं एक गाठोडं पूर्ण केलं. पिन पडली नाही.

नावाडी छापला आज. काळा नदीकाठ, हातावरच्या शिरा मोजून घ्याव्यात. भाऊजींनी दोन्ही हात वर केले. म्हणाले, "बघा वहिनी! तुम्ही बोलला नव्हतात!"

मी म्हटलं, तोंडाने नाही बोलले. मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणत होते ते तुम्हाला काय माहीत?

त्यांनी दोन्ही हात खाली घेतले.

बुधवार, २० तारीख

आज इस्त्री बंद, नुसतं बोलायचं. भाऊजींनी मला खुर्ची आणून दिली, कागद दोरीवर टांगले आणि समोर बसले.

"हं. बोला वहिनी."

"काय बोलू?"

"नेहमीचंच."

असं सांगून कुणाला रागावता येतं का? मी बुटांपासून सुरुवात केली, पण बूट आज कोपऱ्यात नीट ठेवले होते. मग सायकल काढली, तिच्यात दम नव्हता. भाऊजी म्हणाले, "सोमवारी यापेक्षा जोर होता." तिथे मला खरा राग आला. म्हटलं, "जोर हवाय? मग ऐका. मला विचारलंत का एकदा तरी, वहिनी जाणार का मुलाकडे? एकटाच येतो म्हणे! मी काय पार्सल आहे, चिठ्ठी लावून कप्प्यात ठेवायला? हे गेले तेव्हा लोक म्हणाले, आता दीर कशाला सांभाळतोय. आणि मी आजवर कुणाला सांगितलं नाही की कोण कुणाला सांभाळतंय ते! आठ मिनिटं की वीस मिनिटं ते दहा दिवस शोधत बसलात, आणि मला एक मिनिट विचारायला जमलं नाही."

मग माझा आवाज बसला. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पदराने नाही, त्यांच्याच पुसायच्या फडक्याने पुसलं, त्याला काहीतरी औषध लागलेलं होतं, आणखीच चुरचुरलं.

भाऊजींनी माझ्या हातातून ते फडकं काढून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी अडकून पडलाय इथे. मुलाकडे जावंसं वाटत असेल, पण म्हणत नसाल."

"मी म्हणत नसेन? मी?"

यावर त्यांना हसू आलं. मलाही आलं.

फोटो खराब आला. लोहार पांढराफटक, तोंडावर वाळू. साहजिक आहे. बोलणं रागाचं लागतं, रडून बोललेलं चालत नाही. भाऊजी मला समजावायला लागले, "वहिनी, कागद फार कोरडा पडला ना, की त्यातली रसायनं नीट..." मी म्हटलं, मला शिकवू नका, चार चादरी भिजवून आणते, उद्या बघा. ते म्हणाले, "बरं. तेच म्हणत होतो."

शुक्रवार, २२ तारीख

सहाही झाले. लोहार, पाववाला, सगळे. मी इस्त्रीही केली आणि बोललेही. उगाच धोका कशाला घ्या?

पण भाऊजींचं डोकं जरा फिरलंय असं वाटतं. भिंतीवर घड्याळ असताना चादरींनी वेळ मोजतात. कागद टांगला की फळ्यांवरून विचारतात, "वहिनी, किती झाल्या?" मी म्हणते तीन. "अजून एक होऊ द्या, मग काढतो." नळ्यांची तार त्यांनी वायरमन आणून वेगळी करून घेतली, म्हणजे आता इस्त्री लावली तरी लुकलुकत नाहीत. आज दुपारी दवाखान्याचे कपडे संपले, तर स्वतःचा कडक शर्ट ओला करून घेऊन आले. म्हणाले, "याला जरा इस्त्री हवी होती." मग तोच पुन्हा ओला करून आणला. मी ओळखलं. परवा मी जे बोलले त्याची भरपाई चाललीय बिचाऱ्याची. केली इस्त्री. माणसाचं मन राखावं.

शनिवार, २३ तारीख

मीही गेले होते वाचनालयात. लांब टेबल, त्यावर सहा फोटो, पलीकडे कमिटीची पाच माणसं. सुईणबाई मधोमध. एक जाडजूड गृहस्थ तिच्यापुढे वाकले आणि नकळत खिशातले हात बाहेर काढून सरळ उभे राहिले. तेव्हाच मी ओळखलं, झालं काम.

सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "मागच्या वेळी असं नव्हतं. काय बदललंत हो?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी पुन्हा कामाला लागल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, हा माणूस हाताचा चांगला आहे, पण कुणी बोलणारं नसलं की त्याच्याकडून काही होत नाही." भाऊजींनी मान डोलावली. सगळ्या पेट्या सोमवारी येणार.

घरी येऊन त्यांनी आधी मित्राला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि मग हातोडी घेऊन मधल्या फळ्या काढायला लागले. धूळ सगळी माझ्या टेबलावर. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, "भिंत मधे नको, वहिनी. तुमच्याकडचं सगळं सरळ इकडे यायला हवं."

धूळ पुसली, टेबल दोरीखाली सरकवलं आणि सूनबाईला फोन लावला. म्हटलं, मी येत नाही. इथे माझ्या तोंडावाचून काम अडतंय. ती म्हणाली, "मग त्या कप्प्याचं काय करू, आई?"

म्हटलं, तुझ्या आईला दे. आणि फोन ठेवता ठेवता ओरडले, कारण भाऊजींनी काढलेली पहिली फळी नेमकी दाराच्या मधोमध टाकली होती.